घरच्या बियाण्याचा दुधी

वेलवालीच्या भाजीला नावं ठेवायची हिंमत त्या इमारतीत कुणाचीच नव्हती. तिच्या नवऱ्याची तर नव्हतीच नव्हती.

वेलवाली हे नाव लोकांनी थट्टेने पाडलं होतं. पडदे आणि उशांच्या खोळी शिवणारी ही बाई एक दिवस रंगाच्या रिकाम्या डब्यात मिरची लावते काय, आणि बघता बघता अख्खी गच्ची बळकावते काय! फुटक्या बादल्या, तळ गेलेलं पिंप, सिमेंटच्या गोण्या, कशात म्हणून तिने काही लावलं नव्हतं ते विचारा. तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना, साली आणि देठं खताच्या पिंपात, किडीवर साबणाचं पाणी. विकतचं खत नाही, विकतचं औषध नाही आणि विकतचं बी तर नाहीच नाही. प्रत्येक वेलीवरचं सगळ्यात देखणं फळ ती वेलीवरच वाळू द्यायची आणि त्याचं बी पडद्याच्या चिंधीत पुरचुंडी करून ठेवायची. दुसऱ्याच्या बियाण्यावर तिचा विश्वास नव्हता. तसा दुसऱ्याच्या कशावरच फारसा नव्हता.

माती मात्र नवऱ्याने वाहिली होती. तो उंच क्रेन चालवायचा. दिवसभर नुसत्या मनगटाच्या हालचालीवर लोखंडाचे भारे आभाळात नेणारा हा माणूस संध्याकाळी मातीची गोणी खांद्यावर घेऊन धापा टाकत जिने चढायचा, आणि वर पोचला की विचारायचा, "कुठे ठेवू?" इतका गुणी.

एकदाच, अगदी सुरुवातीच्या काळात, त्याच्या तोंडून निघून गेलं होतं, "वांगी जरा तुरट लागतायत का गं?" झालं! वेलवालीने त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं आणि थेट खताच्या पिंपात रिकामं केलं. मग कितीतरी दिवस त्याच्या ताटात बाजारातली भाजी आणि तिच्या ताटात गच्चीवरची. वर अबोला. त्याने काही बोलायला तोंड उघडलं की ती शिवणयंत्र सुरू करायची. तेव्हापासून तो शहाणा झाला. डबा रोज घासल्यासारखा रिकामा यायला लागला. "भाजी कशी होती?" ती विचारायची. "मस्त," तो म्हणायचा. रोज तोच शब्द, रोज त्याच सुरात. यात प्रेम किती आणि धाक किती, हे तिने कधी निवडून पाहिलं नाही. मस्त म्हणतोय ना माणूस, मग झालं.

त्या दिवशी सकाळी तिने या वर्षीचा पहिला दुधी तोडला. हिरवागार, लांबसडक, कोवळा. नखाने टोचला तर नख लोण्यात गेल्यासारखं गेलं. मागच्या वर्षीच्या वेलीचं बी होतं, आणि मागच्या वर्षीचे दुधी असे गोड होते की जिन्यात भेटेल तो माणूस मागून नेत होता. हा तर त्यांचाच वंशज.

या बियाण्यावरून कोपऱ्यावरच्या बियाणेवाल्याशी तिची चकमक उडाली होती. ती सुतळी घ्यायला गेली तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, तुमच्या शेजारच्या गच्चीवर शोभेचे भोपळे आहेत ना? मग दुधीचं बी या वर्षी घरचं लावू नका. दोन्ही वेली एकाच घराण्यातल्या, फुलांची सरमिसळ होते."

"तुम्हाला पाकीट खपवायचंय, सरळ तसं म्हणा ना," वेलवाली म्हणाली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बिचाऱ्याने सुतळीचं बंडल पुढे सरकवलं.

शोभेचे भोपळे शेजारच्या दिवेवालीचे. ती ते वाळवायची, पोखरायची, त्यांना बारीक भोकं पाडून आत दिवे बसवायची आणि विकायची. तिने स्वतःच कठड्यावरून सांगितलं होतं, "यातला एकही खायचा नाही हं, वहिनी. नुसती जीभ लावली तरी दिवसभर तोंड कडू राहतं." मागच्या वर्षी तिची वेल आणि हिची वेल एकाच कठड्यावर एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. संध्याकाळी दोघींची पांढरी फुलं उमलायची आणि पतंग या फुलावरून त्या फुलावर जायचे. वेलवाली ते कौतुकाने बघायची.

दुधी चिरताना आधी टोकाची चकती कापून जिभेला लावायची, हे तिला आईने शिकवलं होतं. विकतचा दुधी असता तर तिने लावलीही असती. पण घरच्याला कुणी चाखून बघतं का? चाखणं म्हणजे संशय घेणं. तिने दुधी चिरला, डाळ घालून शिजवला, नवऱ्याच्या डब्यात भाताशेजारी चेपून भरला आणि वर म्हणाली, "पहिला दुधी आहे. उरवून आणू नका."

"उरवतोय कशाला," तो म्हणाला आणि डबा पाठीवरच्या पिशवीत टाकून गेला.

दोन गल्ल्या आणि एक बाजार ओलांडला की त्याच्या क्रेनची जागा. गच्चीवरून क्रेनचा पिवळा हात स्पष्ट दिसायचा. जेवायच्या सुट्टीत तो खाली उतरत नसे. शिडी उतरून पुन्हा चढण्यातच सुट्टी संपायची, म्हणून वरच्या केबिनमध्येच डबा उघडायचा. इकडे वेलवाली ताट वाढून वेलीच्या सावलीत बसायची आणि क्रेनचा हात थांबायची वाट बघायची. हात थांबला की तिचा पहिला घास. दोघांचं जेवण असं बरोबर व्हायचं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोकांनी चिडवून जीव खाल्ला असता.

त्या दुपारीही हात थांबला. तिने भात कालवला आणि घास तोंडात घातला.

कडू. कारल्याचं कडूपण ओळखीचं असतं, मेथीचंही. हे तसलं नव्हतं. हे जिभेवर बसलं आणि थेट घशात उतरू लागलं. तिने घास थुंकला. चूळ भरली, पुन्हा भरली. तरी ओठ चुरचुरत राहिले. तिने समोरच्या वेलीकडे बघितलं, मग कठड्याकडे, मग दिवेवालीच्या गच्चीकडे.

कडू दुधी म्हणजे विष. आई सांगायची, शिजवला तरी उतरत नाही, मीठ लावून पिळला तरी उतरत नाही. माणूस आडवा होतो. आईच्या माहितीतल्या एकीला रक्ताची उलटी झाली होती, आणि तिने तर निम्मी वाटीच खाल्ली होती.

तिने क्रेनकडे बघितलं. हात थांबलेलाच होता.

थुंकेल, तिने स्वतःला सांगितलं. इतकं कडू कोण गिळेल? कुणीही थुंकेल. अहो, कुत्रंसुद्धा तोंड लावणार नाही. पण तिला पक्कं ठाऊक होतं की तो थुंकणार नाही. साऱ्या जगात हा दुधी शेवटच्या फोडीपर्यंत खाणारा एकच माणूस होता, आणि तो तिनेच तयार केला होता.

तिने फोन लावला. वाजत राहिला. वाजणारच, वर फोन न्यायची परवानगी नव्हती, तो खाली कपाटात कुलूपबंद असायचा. हे तिला माहीत होतं, तरी तिने पुन्हा लावला. मग दोरीवरचा धुतलेला लाल पडदा ओढला आणि कठड्याला पोट टेकवून दोन्ही हातांनी हलवायला लागली. "अहो! खाऊ नका! अहो, टाका ते!" खाली रस्त्यावरची माणसं माना वर करून बघायला लागली. दिवेवाली धावत कठड्यापाशी आली. "वहिनी, काय झालं?"

तेवढ्यात क्रेनवरून भोंगा वाजला. छोटासा, लाडाचा. त्याने पडदा बघितला होता. बायको गच्चीवरून पडदा हलवतेय म्हटल्यावर त्याला दुसरं काय वाटणार? भाजी कशी आहे विचारतेय. त्याने उत्तर दिलं होतं, मस्त.

वेलवालीच्या हातातून पडदा गळून खाली रस्त्यावर गेला. ती जिन्याकडे पळाली.

बाजारातून तिला लोकांनी वाट कशी दिली, कुणाच्या टोपलीला तिचा पाय लागला, कोण मागून ओरडलं, तिला काही कळलं नाही. एक चप्पल तुटली, ती तिथेच राहिली. धावताना तिची नजर क्रेनच्या हातावर होती. तो थांबलेला होता तोवर वाईट वाटत होतं, कारण थांबलाय म्हणजे खातोय. मग तो हलला, आणि ते त्याहून वाईट वाटलं. हलला म्हणजे जेवण संपलं.

फाटकावर पहारेकऱ्याने हात आडवा केला. "डोक्यावर टोपी नाही, पायात बूट नाही. आत नाही जायचं, बाई."

"क्रेनवाल्याला सांगा जेवू नको म्हणून! मी त्याची बायको."

पहारेकरी हसला. "वहिनी, नवऱ्याला जेवू नको सांगायला धावत आलेली बायको मी पहिल्यांदाच बघतोय." मग त्याने तिच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि त्याचं हसू मावळलं. त्याने मुकादमाला हाक मारली.

मुकादम जाडजूड, कमरेला वॉकीटॉकी. तिचं अर्धं बोलणं ऐकूनच त्याने तो तोंडाशी नेला. "वर ऐकतोयस का? जेवलास का रे?"

खरखर झाली, मग नवऱ्याचा आवाज आला. "जेवलो की. सळया उचलल्यात. का?"

"वहिनी आल्यात खाली. म्हणतायत भाजी खाऊ नको."

"संपली की. तिला सांग, मस्त होती."

वेलवालीने मुकादमाच्या हातातून वॉकीटॉकी हिसकावून घेतला. त्याने बोटाने कळ दाखवली, ती तिने दाबली. "अहो, मी बोलतेय. भाजी कडू होती का?"

"नाही गं."

"खरं सांगा."

"नाही म्हणजे, जरा उग्र होती. पहिला दुधी, असतो असा कधी कधी."

"किती खाल्लीत?"

"सगळी खाल्ली. शपथेवर सांगतो, एक फोड टाकली नाही. हवं तर डबा बघ."

ती पडताळा घ्यायला आलीय, असं त्याला वाटत होतं. भाजी टाकली की खाल्ली हे बघायला बायको बाजारातून धावत आलीय, असं त्याला खरंच वाटत होतं. ती खडीच्या ढिगावर टेकली. पुढचं विचारायला दाबलेली कळ मात्र तिने सोडलीच नव्हती, आणि ती सुटल्याशिवाय वरचं ऐकू येत नाही. मुकादमाने ती सोडवली तेव्हा वरचा आवाज पुन्हा ऐकू आला.

"...मळमळतंय जरा. उन्हाने असेल."

मुकादमाने वॉकीटॉकी परत घेतला. "भार खाली ठेव. हळू. मग उतर."

वर सळयांचा भारा लटकत होता. रोज तो इतक्या सफाईने खाली यायचा की लोक बघत उभे राहायचे. आज तो अर्ध्यावर आला, थांबला, एका बाजूला झोल घेऊन फिरला. मुकादमाने शिटी मारली. माणसं हातातली कामं टाकून पांगली. "हळू, बाबा, हळू," मुकादम म्हणत होता, आणि वरून काहीच उत्तर येत नव्हतं, फक्त श्वास ऐकू येत होता. भारा जमिनीवर आदळला. सळया खणखणत पसरल्या. कुणाला लागलं नाही.

मग बराच वेळ केबिनचं दार उघडलं नाही.

उघडलं तेव्हा तो पाठमोरा बाहेर आला आणि शिडीला लागला. वेलवाली खाली मान वर करून उभी होती. हाक मारावी असं तिच्या मनात आलं आणि तिने तोंडावर हात दाबला. हाक मारली तर तो घाई करेल. तिच्या हाकेला त्याने कधी उशीर केला नव्हता, तीच तर भीती होती. तो चार पायऱ्या उतरायचा, थांबायचा. पुन्हा दोन. पुन्हा थांबायचा. अर्ध्यावर आल्यावर त्याने दोन्ही हात शिडीच्या दांडीभोवती घातले आणि तो तिथेच राहिला. त्याची पाठ आचके देत होती. वरून काहीतरी ओलं पडलं, मुकादमाने वेलवालीला मागे ओढलं.

"पट्टा घेऊन चला वर!" तो ओरडला. दोघं गडी माकडासारखे चढले. ते पोचेपर्यंत ती एकाच गोष्टीकडे बघत होती, दांडीभोवतीच्या त्याच्या बोटांकडे. एवढ्या खालून बोटं दिसत नाहीत. तिला दिसत होती. ती सुटू नयेत म्हणून तिने स्वतःच्या मुठी अशा आवळल्या होत्या की नखं तळहातात रुतली.

पट्ट्याने बांधून त्याला खाली उतरवलं. चेहरा राखेसारखा, ओठांवर फेस, अंग गार. तिला बघून तो म्हणाला, "अगं, चप्पल कुठाय तुझी?"

इस्पितळात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा लावला, आकडा बघितला आणि दोन परिचारिकांना हाक मारली. दोन्ही हातांना सुया टोचल्या गेल्या. वेलवालीने दुधीचं सांगितलं, बियाण्याचं सांगितलं, पतंगांचं सांगायला लागली तेव्हा डॉक्टरणीने तिला थांबवलं.

"याला उतारा नसतो," ती म्हणाली. "सलाईन द्यायचं, रक्तदाब सावरायचा आणि लक्ष ठेवायचं. म्हणून किती पोटात गेलंय हे मला नीट कळायला हवं." मग ती त्याच्यावर वाकली. "काका, किती खाल्लंत? कडू लागलं नाही?"

त्याने उत्तर द्यायच्या आधी बायकोकडे बघितलं.

वेलवालीने ती नजर पाहिली. इतकी वर्षं ती नजर रोज संध्याकाळी तिच्या समोर असणार, डबा ओट्यावर ठेवताना, ताटावर बसताना, आणि ती तिला आज दिसली. या माणसाचा जीव चालला होता, आणि मरणाला तो जेवढा भीत होता त्याहून जास्त तिला भीत होता.

"थोडंसंच खाल्लं," तो डॉक्टरणीला म्हणाला. "फारसं कडू नव्हतं."

"खोटं बोलतायत!" वेलवाली इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठून बसला. "सगळं खाल्लंय. मोठा डबा भरून. कडूजहर होतं, मी स्वतः एका घासात थुंकलं. त्यांनी माझ्या भीतीने खाल्लंय, डॉक्टर. मी घरात कुणाला नावं ठेवू देत नाही, म्हणून खाल्लंय."

डॉक्टरीण सरळ उभी राहिली. मग झपझप सूचना द्यायला लागली. दुसरी बाटली लागली, छातीला तारा चिकटवल्या गेल्या, उशाशी एक यंत्र आणलं गेलं. पुन्हा उलटी झाली, आणि या वेळी भांड्यात लाल होतं. परिचारिकेने ते झाकून नेलं, पण वेलवालीने बघितलं होतं. तिने खाटेची कड धरली. 

"बसा इथे," परिचारिका म्हणाली. "बोलत राहा त्यांच्याशी. उत्तर द्यायचे थांबले तर लगेच मला हाक मारा."

ती स्टुलावर बसली. त्याचा हात हातात घेतला. गार होता. यंत्रावरचा आकडा खाली खाली येत होता, थोडा चढत होता, पुन्हा खाली येत होता.

"सगळ्यांसमोर कशाला बोललीस तसं?" तो पुटपुटला.

"कडू होती की नाही?"

त्याने मान भिंतीकडे वळवली.

"अहो, मी विचारतेय. कडू होती की नाही?"

"होती," तो म्हणाला. डोळे मिटलेले होते. "पहिल्या घासाला वाटलं, मरतोय."

तिला रडू फुटलं. पदराने तोंड दाबून ती रडली आणि लगेच थांबली, कारण तो पुन्हा गप्प झाला होता. तिने त्याचा हात हलवला. "आणखी सांगा."

"काय?"

"माझ्या भाजीत काय काय वाईट असतं ते. सगळं सांगा. मी काही म्हणणार नाही."

त्याने एक डोळा किंचित उघडून तिच्याकडे बघितलं. खरं विचारतेय की पेचात धरतेय, हे तो आत्ताही तपासत होता. तिने मान हलवली. सांगा.

"पालकात माती असते," तो म्हणाला. "दाताखाली येते."

"आणखी?"

"घेवड्याच्या शिरा काढत नाहीस तू."

"नाही काढत. आणखी?"

"मुळा नुसता तिखट. नाकात जातो."

"आणखी?"

आकडा खाली आला. कुठेतरी काहीतरी वाजलं आणि परिचारिका येऊन बाटलीचा वेग वाढवून गेली. त्याचे ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हते. वेलवालीने कान त्याच्या तोंडाशी नेला. आपल्या भाजीबद्दल कुणी वाईट बोलावं म्हणून ती जन्मात अशी आसुसली नव्हती.

"अहो, भेंडीचं राहिलं," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "भेंडीचं सांगा ना. कशी असते भेंडी?"

तो काहीच बोलला नाही. ती परिचारिकेला हाक मारायला वळणार, तेवढ्यात तिच्या हातातली त्याची बोटं जराशी हलली.

"जून," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "जूनच असते. आणखी?"